जाक कार्तिये आणि सेंट लॉरेन्सकाठचे लोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाक कार्तियेच्या १५३४ ते १५४२ या काळातल्या तीन सफरी आणि त्यांत त्याला भेटलेले लोक, एवढाच या पानाचा विषय आहे. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेला हा माणूस पुढे कॅनडात राहायला गेल्यावर, किंवा मुलांचा प्रकल्प करताना, पुन्हा समोर येतो. तेव्हा नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत.

कार्तिये नेमका कोण होता?

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या सँ-मालो या बंदरातला नाखवा. जन्म १४९१चा, मृत्यू १ सप्टेंबर १५५७. सँ-मालो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेलं गाव. त्याला पाठवलं फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने. हेतू दोन होते: आशियाकडे जाणारा पाणरस्ता शोधायचा आणि जमलं तर सोनं आणायचं.

अडचण होती ती १४९४च्या तोर्देसियास कराराची. त्या करारात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपबाहेरचं जग आपसांत वाटून घेतलं होतं. पोर्तुगीज गोव्यात १५१० साली याच वाटणीच्या आधाराने बसले होते. १५३३मध्ये पोप सातवा क्लेमेंट याच्याकडून फ्रान्सने सोयीचा अर्थ काढून घेतला: जुनी वाटणी तेव्हा माहीत असलेल्या प्रदेशांपुरती होती, नव्याने सापडणाऱ्यांना ती लागू नाही. पुढच्याच वर्षी कार्तिये निघाला.

तीन सफरींचा हिशेब थोडक्यात सांगाल का?

पहिली: २० एप्रिल १५३४ ते ५ सप्टेंबर १५३४. प्रत्येकी सुमारे ६० टनांची दोन जहाजं, ६१ माणसं. हे टन वजनाचे नव्हेत, जहाजात वाइनची किती मोठी पिंपं मावतील त्याचं ते माप. न्यूफाउंडलंड या आजच्या कॅनडाच्या पूर्वेकडच्या बेटाचा किनारा अवघ्या २० दिवसांत दिसला.

दुसरी: १९ मे १५३५ ते १६ जुलै १५३६. ग्रांद एर्मिन, पेतित एर्मिन आणि एमेरियाँ ही तीन जहाजं, ११० च्या आसपास माणसं. येताना पेतित एर्मिन तिथेच टाकून द्यावं लागलं, कारण ते चालवायला खलाशीच उरले नव्हते.

तिसरी: २३ मे १५४१ला पाच जहाजं घेऊन निघाला, १५४२मध्ये परतला. ही वसाहत करायला गेलेली सफर होती आणि ती फसली.

‘कार्तियेने कॅनडा शोधला’ हे म्हणणं बरोबर आहे का?

नाही, अगदी युरोपीय हिशेबानेही नाही. इंग्लंडकडून निघालेला जॉन कॅबट १४९७मध्येच तिकडे जाऊन आला होता, आणि ब्रेतों, बास्क, पोर्तुगीज मासेमार दरवर्षी कॉड पकडायला न्यूफाउंडलंडजवळ जात असत. १५३४च्या जूनमध्ये लॅब्राडोरच्या किनाऱ्याला कार्तियेला ला रोशेलचं एक मासेमारी जहाज भेटलं, तेही वाट चुकलेलं! त्याला मार्ग दाखवून तो पुढे गेला.

याहून मोठा पुरावा शालर उपसागरातला. ६ जुलै १५३४ला तिथल्या मिगमाक लोकांच्या ४०-५० होड्यांचे दोन ताफे दिसले. लोक काठ्यांना कातडी बांधून ती हलवत किनाऱ्यावर बोलावत होते. गिऱ्हाईक ओळखून माल दाखवायची ही रीत आहे, म्हणजे गोऱ्या लोकांशी देवघेव त्यांना नवी नव्हती. घाबरले ते फ्रेंच. त्यांच्याकडे एकच होडी होती. सात होड्यांनी वेढल्यावर त्यांनी डोक्यांवरून दोन छोट्या तोफा उडवल्या, मग अग्निबाण टाकले. दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा आले आणि सुऱ्या, लोखंडी वस्तू आणि मुखियासाठी एक लाल टोपी यांच्या बदल्यात अंगावरची कातडीसुद्धा देऊन गेले.

कार्तियेचं खरं काम म्हणजे सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग. खाडीतून आत थेट आजच्या मॉन्ट्रियलपर्यंत जाऊन त्याचं वर्णन लिहून ठेवणारा तो पहिला युरोपीय.

या लोकांना ‘रेड इंडियन’ म्हणावं का?

म्हणू नये. कोलंबसच्या चुकीतून आलेला तो शब्द आज अपमानकारक समजला जातो. शिवाय त्याने माहितीही चुकते, कारण कार्तियेला भेटलेले लोक एक नव्हते. किनाऱ्यावरचे मिगमाक अल्गाँकियन कुळातली भाषा बोलत आणि शिकार-मासेमारीवर फिरते राहत. नदीकाठचे स्टाडाकोना (आजचं क्वेबेक शहर) आणि ओशलागा (आजचं मॉन्ट्रियल) इथले लोक इरोक्वोई कुळातली भाषा बोलणारे शेतकरी होते. अभ्यासक त्यांना सेंट लॉरेन्सचे इरोक्वोई म्हणतात. स्टाडाकोना आणि ओशलागा यांचंही आपसांत फारसं पटत नव्हतं. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

गास्पेचा क्रूस उभारला तेव्हा काय झालं?

२४ जुलै १५३४. गास्पे उपसागराच्या तोंडाशी फ्रेंचांनी ३० फुटी लाकडी क्रूस उभा केला. आडव्या दांड्याखाली तीन लिलीफुलांची ढाल, वर कोरलेली पाटी: फ्रान्सच्या राजाचा विजय असो.

तिथे स्टाडाकोनाचे दोनशेहून जास्त लोक होडग्यांतून मॅकरेल, म्हणजे आपला बांगडा ज्या कुळातला ते मासे, पकडायला आलेले होते. हे त्यांचं गाव नव्हे, हंगामी कोळीवाडा. कार्तिये लिहितो की यांच्याकडची सगळी चीजवस्तू, होड्या आणि जाळी सोडली तर, पाच सूंच्याही (सू म्हणजे फ्रेंच चिल्लर नाणं) किमतीची नाही. घरापासून शेकडो किलोमीटरवर मासे मारायला आलेला माणूस संसार बरोबर आणत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

क्रूस उभा राहिल्यावर मुखिया दोन्नाकोना काळ्या अस्वलाचं जुनं कातडं पांघरून होडीतून आला, बरोबर भाऊ आणि तीन मुलगे. जहाजापासून अंतर राखून त्याने लांबलचक भाषण केलं. दोन बोटांची फुली करून क्रूस दाखवला, मग हाताने सगळी जमीन दाखवली. भाषा कळत नसूनही अर्थ कार्तियेला नीट कळला आणि त्याने तो लिहूनही ठेवला: ही जमीन माझी, मला न विचारता हा क्रूस लावायचा नव्हता.

यावर कार्तियेने खुणांनी सांगितलं की हा क्रूस नुसती बंदरात शिरायची खूण आहे. हे खोटं होतं.

मग दोन्नाकोनाची मुलं फ्रान्सला कशी गेली?

कातड्याच्या बदल्यात कुऱ्हाड देतो असं दाखवून होडी जवळ घेतली, एका खलाशाने ती धरली आणि सगळ्यांना जहाजावर चढवलं. खाऊपिऊ घातलं. दोमागाया आणि तेन्योआन्यी या दोघांना सदरे, फिती, लाल टोप्या, गळ्यात पितळी साखळी असा थाट करून ठेवून घेतलं. उरलेल्या तिघांना प्रत्येकी एक कुऱ्हाड आणि दोन सुऱ्या देऊन परत पाठवलं. दोघांना फ्रेंच शिकवून दुभाषे करायचा बेत होता, आणि परत आणायचं वचन कार्तियेने पुढच्या वर्षी पाळलंही.

जाता जाता: ‘मुलगे’ हा शब्द जपून घ्यावा. इरोक्वोई नातेसंबंधांत पुरुष आपल्या भावाच्या मुलालाही मुलगाच म्हणतो.

दुसऱ्या सफरीत स्टाडाकोनाचे लोक कार्तियेला पुढे जाऊ देत नव्हते. का?

साध्या व्यापारी कारणाने. फ्रेंचांचा माल आपल्या गावातून पुढे गेला तर मधली मिळकत आपली, आणि जहाज थेट ओशलागाला गेलं तर आपण कोरडे. जकातनाका हातातून जाणार म्हटल्यावर कुठलंही गाव हेच करील.

त्यांनी आधी नकार दिला, मग भेटी दिल्या. दोन्नाकोनाने सख्ख्या बहिणीची दहा-बारा वर्षांची मुलगी आणि दोन मुलगे कार्तियेच्या स्वाधीन केले. इरोक्वोई समाजात वंश आईकडून चालतो, त्यामुळे बहिणीची लेक देणं म्हणजे आपल्या घराण्याचाच धागा हातात देणं. कार्तियेने मुलं ठेवून घेतली आणि जायचं ते ठरवलंच. शेवटचा उपाय म्हणून १८ सप्टेंबर १५३५ला तिघे जण कुत्र्यांची कातडी पांघरून, डोक्याला लांब शिंगं लावून, तोंडं काळी करून होडीतून आले. कुदुआन्यी या त्यांच्या देवाचा निरोप असा होता: वर इतका बर्फ पडेल की सगळे मराल. फ्रेंच हसले. निरोपात नाट्य होतं, हवामानाचा अंदाज मात्र चोख होता.

चिडलेल्या दोमागाया आणि तेन्योआन्यी यांनी बरोबर यायचं नाकारलं. याची किंमत पुढच्याच प्रश्नात दिसते.

ओशलागा कसं होतं?

लहान जहाजासाठी वाट न सापडल्याने एमेरियाँ सँ-पियेर सरोवरात ठेवून कार्तिये दोन होड्यांतून गेला आणि २ ऑक्टोबर १५३५ला पोहोचला. काठावर हजाराहून जास्त लोक नाचत स्वागताला उभे.

गाव गोल, भोवती लाकडी ओंडक्यांचं तिहेरी कुंपण, आत शिरायला एकच दार. वर सज्जे आणि त्यांवर शत्रूवर टाकायला रचलेले दगड. आत सुमारे ५० लांबघरं, प्रत्येक ५० पावलं लांब आणि १२ ते १५ पावलं रुंद, झाडाच्या सालीने शाकारलेली. एका घरात अनेक चुली. वर धान्याचे माळे.

गावाचा मुखिया, त्यांच्या भाषेत आगुहाना, हातापायांनी लुळा होता. नऊ-दहा जणांनी त्याला हरणाच्या कातड्यावर बसवून आणलं आणि त्याने कार्तियेकडून हातपाय चोळून घेतले. मग आंधळे, लंगडे, म्हातारे येऊ लागले. कार्तियेने त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला. त्यांना ते वैद्यकी वाटलं की पाहुण्याचा सन्मान, हे विचारायला दुभाषा नव्हता. नंतर मागच्या टेकडीवरून (तिला त्याने माँ-रोयाल नाव दिलं) पुढचे खडकाळ धबधबे दिसले आणि जहाजाचा रस्ता तिथे संपला.

ते खात काय?

मका, श्रावणघेवडा, लाल भोपळा, मासे. या तिन्ही पिकांशी महाराष्ट्राची ओळख पोर्तुगीज आल्यानंतरची, कारण ती मूळची अमेरिकेचीच. ती एकाच आळ्यात लावत: मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून तण रोखतात. कार्तियेला मक्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून त्याने ‘वाटाण्याएवढ्या दाण्याची बाजरी’ असं वर्णन केलं. पिठाचे गोळे थापून तापलेल्या दगडावर ठेवत, वरून गरम गोटे पसरत. अन्नात मीठ नसे आणि फ्रेंचांना ते गळ्याखाली उतरेना.

हिवाळ्यात इतकी माणसं का मेली?

ओशलागाहून परतलेल्या फ्रेंचांनी हिवाळा स्टाडाकोनाजवळ काढला. एक चूक नकाशाची. क्वेबेक ४७ अंश उत्तरेच्या किंचित खाली आहे, सँ-मालो साडेअठ्ठेचाळीसच्या वर. म्हणजे आपण घरापेक्षा दक्षिणेला आहोत, थंडी कमीच असणार, असा हिशेब. पण पश्चिम युरोपला समुद्रावरून येणारे वारे ऊब देतात, तर क्वेबेकला खंडाच्या आतलं वारं झोडपतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून १५ एप्रिलपर्यंत जहाजं बर्फात रुतून होती. बर्फाची जाडी दोन पुरुषांहून जास्त, वर चार फूट हिम, पिंपांतलं पेय गोठलेलं.

दुसरी चूक अन्नाची: खारवलेलं मांस आणि वाळकी बिस्किटं. ताजी भाजी-फळं नाहीत म्हणजे क जीवनसत्त्व नाही, आणि दोन-तीन महिन्यांत स्कर्व्ही. पाय सुजून काळे पडत, हिरड्या सडून दात गळत. फेब्रुवारीच्या मध्यात ११० पैकी दहाही धड नव्हते. एकूण २५ मेले. फिलिप रुजमाँ या २२ वर्षांच्या मुलाचं प्रेत कार्तियेने उघडून पाहायला लावलं, तरी कारण कळलं नाही.

आपण दुबळे झालो हे गावकऱ्यांना कळू नये म्हणून त्याने सोंग केलं. दोन-तीन माणसांना घेऊन कोटाबाहेर यायचं, त्यांना ओरडायचं, काठ्या फेकायच्या, जणू कामचुकार आहेत. आत आजारी माणसं काठ्यादगडांनी ठोकाठोक करत, म्हणजे जहाजांची डागडुजी जोरात चालू आहे असं वाटावं.

आणि ते औषध, आनेद्दा?

दोमागाया दहा-बारा दिवसांपूर्वी गुडघा सुजून लंगडत होता, तो कार्तियेला ठणठणीत चालताना दिसला. आपला एक नोकर आजारी आहे असं सांगून (हेही अर्धसत्यच) त्याने उपाय विचारला. दोमागायाने दोन बायका बरोबर दिल्या. त्यांनी नऊ-दहा फांद्या आणल्या आणि कृती दाखवली:

साल आणि पानं कुटायची, दोन्ही पाण्यात उकळायची, काढा दिवसाआड प्यायचा आणि चोथा सुजलेल्या पायांवर बांधायचा.

आधी कुणी तोंड लावीना. एक-दोघांनी धीर केला, दोन-तीन वेळा पिऊन त्यांना फरक पडला, आणि मग भांडणं लागली. ओकएवढं मोठं एक झाड सहा ते आठ दिवसांत संपलं.

झाड कोणतं, यावर एकमत नाही. पांढरा सीडर, म्हणजे थुजा, असं बरेच जण मानतात. फर, स्प्रूस, पाइन यांचीही नावं घेतली जातात. हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या त्या पानांत क जीवनसत्त्व असतं.

हे कळल्यावर पुढच्या लोकांना स्कर्व्ही का झाली?

कारण कार्तियेने शब्द नेला, ओळख नाही. १५४२-४३च्या हिवाळ्यात जवळच काप-रूजला, कार्तियेचा वरिष्ठ रोबेरवाल याची सुमारे ५० माणसं मेली. १६०४-०५मध्ये सेंट क्रॉय बेटावरच्या फ्रेंच वसाहतीत ७९ पैकी निम्म्याच्या आसपास गेली. तिथे शाँप्लँ या फ्रेंच प्रवाशाने आनेद्दाची चौकशी केली, पण तो शब्द इरोक्वोई भाषेतला आणि आजूबाजूचे लोक अल्गाँकियन बोलणारे. औषध कदाचित दारातच उभं होतं.

हा काढा घरी करून पाहावा का?

नको. थुजामध्ये थुजोन हे विषारी द्रव्य असतं, त्याने झटके येऊ शकतात. आपल्याकडच्या बागांतली मोरपंखीही थुजाच्या जवळची, तिचा प्रयोग तर मुळीच नको. क जीवनसत्त्वासाठी आवळा पुरे.

दोन्नाकोनाला का पळवलं?

गावात आगोना नावाचा प्रतिस्पर्धी होता. तेन्योआन्यीने सुचवलं की त्याला फ्रान्सला घेऊन जा. कार्तियेने उलटं ठरवलं: जुना मुखियाच उचलावा, म्हणजे आगोना आपला मिंधा राहील, आणि दोन्नाकोना राजासमोर सागेने या सोन्याने भरलेल्या म्हटल्या जाणाऱ्या राज्याच्या गोष्टीही सांगेल. ३ मे १५३६ला ३५ फुटी क्रूस उभारण्याच्या समारंभात बोलावून त्याला आणि दोन्ही दुभाष्यांना धरलं. त्या रात्री काठावर लोक मुखियाच्या नावाने लांडग्यांसारखे आक्रोश करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंपल्यांच्या मण्यांच्या, म्हणजे एस्नोग्वीच्या, २४ माळा आणून दिल्या. सोन्यापेक्षा मोलाची वस्तू होती ती. बारा चंद्रांत परत आणतो, असं कार्तियेने सांगितलं.

भेट दिलेली मुलं धरून दहा जण फ्रान्सला गेले. सँ-मालोच्या नोंदीत २५ मार्च १५३८ला तिघांचा बाप्तिस्मा झाल्याचं लिहिलेलं आहे. एक लहान मुलगी सोडून सगळे तिथे मेले. परत कुणीच आलं नाही.

सागेने राज्य खरं होतं का?

सोनं, माणकं, लोकरी कपडे घालणारे गोरे लोक, एका पायाची माणसं असं राज्य नव्हतं. पण धातूचा धागा खरा आहे. ‘वरून येणारा लाल धातू’ म्हणजे सुपीरियर सरोवराच्या बाजूचं नैसर्गिक तांबं. ओशलागात लोकांनी कप्तानाच्या शिट्टीची चांदीची साखळी आणि खंजिराची पिवळी मूठ यांना हात लावून नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. उरलेलं फ्रेंचांनी आपल्या हावेने भरून काढलं. शिवाय ज्याला घरी परतायचं आहे तो दोन्नाकोना राजाला तिकडे ओढणारीच गोष्ट सांगणार.

तिसरी सफर का फसली?

२३ ऑगस्ट १५४१ला आगोनाने पहिला प्रश्न दोन्नाकोनाबद्दल केला. कार्तियेने त्याचा मृत्यू सांगितला, पण बाकीचे फ्रान्समध्ये लग्नं करून सरदारासारखे राहतात अशी थाप मारली. आगोनाने आपल्या डोक्यावरचा चामड्याचा मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. कार्तियेलाही हा आनंद पूर्ण खरा वाटला नाही.

त्याने गावाशेजारी न राहता वरच्या अंगाला काप-रूजला कोट बांधला. कोबी, सलगम, सॅलड आठ दिवसांत उगवलं. पण हिवाळ्यात हल्ले सुरू झाले आणि सुमारे ३५ जण मारले गेले. जून १५४२ला तो निघाला. न्यूफाउंडलंडच्या बंदरात वरिष्ठ रोबेरवाल भेटला, त्याने मागे फिरायचा हुकूम दिला, तेव्हा कार्तियेने रात्रीच नांगर उचलला. फ्रान्समध्ये तपासल्यावर त्याने आणलेलं ‘सोनं’ म्हणजे सोन्यासारखं चमकणारं लोहमाक्षिक निघालं आणि ‘हिरे’ स्फटिक. ‘कॅनडाच्या हिऱ्यासारखा खोटा’ ही फ्रेंच म्हण तेव्हाची.

‘कॅनडा’ शब्द कुठून आला?

कार्तियेच्या शब्दयादीत ‘कानादा’ म्हणजे गाव. त्याने तो स्टाडाकोनाच्या मुलखासाठी वापरला आणि पुढे तो देशभर पसरला. याच यादीमुळे भाषेचं कूळ कळलं. तिच्यात दोन म्हणजे ‘तिन्येनी’, तीन ‘आश’, पाच ‘उइस्कॉं’. इरोक्वोई कुळातल्या आजच्या मोहॉक भाषेत हेच ‘तेकेनी’, ‘आहसें’, ‘विस्क’.

ते लोक आज कुठे आहेत?

१६०३मध्ये शाँप्लँ आला तेव्हा स्टाडाकोना आणि ओशलागा दोन्ही नव्हती. शेजाऱ्यांशी लढाया, युरोपीय रोग, थंड होत गेलेलं हवामान अशी कारणं मांडली जातात, आणि बहुधा एकच कारण पुरत नाही. माणसं हवेत विरली नाहीत: त्यांच्या धाटणीची मडकी वेंडात या दुसऱ्या इरोक्वोई भाषिक लोकांच्या गावांच्या उत्खननात सापडतात, म्हणजे काही जण तिकडे सामावले गेले. वेंडात आणि मोहॉक दोघेही आज त्यांच्याशी नातं सांगतात.

तारखा पुस्तकागणिक वेगळ्या का दिसतात?

मूळ तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या ऋतूंशी ताडायचं तर १० दिवस मिळवा: १५ एप्रिलला सुटलेला बर्फ म्हणजे आपला २५ एप्रिल. तपशिलांचं बळही सारखं नाही. दुसऱ्या सफरीचा वृत्तांत पॅरिसला १५४५मध्ये छापला गेला, पहिलीचा आधी इटालियनमध्ये १५५६ला आला, तिसरीचा तर १६००च्या अपुऱ्या इंग्रजी भाषांतरातच उरला आहे. आणि दाढीवाल्या कार्तियेचं ते प्रसिद्ध चित्र एकोणिसाव्या शतकातलं, कल्पनेने काढलेलं. त्याच्या हयातीतलं एकही चित्र नाही.

प्रत्यक्ष काय पाहता येईल?

क्वेबेक शहरात सँ-शार्ल नदीकाठी कार्तिये-ब्रेबफ हे राष्ट्रीय स्मारक आहे, पहिल्या हिवाळ्याच्या जागी. काप-रूजच्या कोटाचे अवशेष २००५मध्ये सापडले. ओशलागाची नक्की जागा सापडलेली नाही. मॉन्ट्रियलमध्ये १८६०ला एक इरोक्वोई वस्ती उकरली गेली, पण ती हीच असं ठरवता आलेलं नाही. फ्रान्समध्ये सँ-मालोच्या कॅथेड्रलमध्ये त्याची कबर आणि गावाबाहेर लिमोएलू इथे त्याचं घर पाहता येतं. गास्पेला १९३४मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा क्रूस आहे. कार्तियेचा होता लाकडाचा.